सेशन टिकत नाही, पान बदललं की सगळं रिकामं: मी कुठून बघायला सुरुवात करतो

सेशन म्हणजे साईटने तुम्हाला एका पानावरून दुसऱ्या पानावर लक्षात ठेवणं. आधी लक्षणं. यातलं एखादं जुळत असेल तरच पुढे वाचा, नाहीतर तुमचा आजार वेगळा आहे.

- लॉगिन होतं, वर नाव पण दिसतं, आणि पुढच्या पानावर गेलं की परत लॉगिनचा फॉर्म समोर.
- आंब्याच्या दोन पेट्या कार्टमध्ये टाकल्या, चेकआउटला गेलं तर कार्ट रिकामं.
- आपल्या लॅपटॉपवर एकदम झकास चालतं, होस्टिंगवर चढवलं की बोंब.
- मोठा फॉर्म भरताना मध्ये कोणीतरी आलं, चहा झाला, अर्ध्या तासाने सबमिट दाबलं तर सगळं गेलं.
- पैसे कट झाले, बँकेचा मेसेज आला, पण पेमेंट करून परत आलं की साईट विचारते तुम्ही कोण.
- एका टॅबमध्ये पान नुसतं फिरत राहतं आणि त्यामुळे दुसरे टॅब पण अडकतात.
- कधी होतं, कधी होत नाही, आणि तुम्ही बघायला बसलात की हमखास होत नाही.
- एका माणसाला दुसऱ्याच माणसाचं नाव किंवा बुकिंग दिसतं. हे असेल तर मधलं काही वाचू नका, सरळ शेवटच्या भागात जा.

मी मालवणात बसून होमस्टेवाले, आंबा बागायतदार, एकदोन पतसंस्था अशांच्या साईटी सांभाळतो, सगळं पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंगची भाषा), त्यातलं बरंचसं दुसऱ्या कोणीतरी लिहून सोडून दिलेलं. दर वर्षी एप्रिल-मे आला की आंबा आणि टुरिस्ट दोन्ही एकदम सुरू होतात आणि फोन पण. देवबागच्या एक काकू आहेत, त्यांचं रिपोर्टिंग माझ्यामते सगळ्यात अचूक असतं: "अरे बाबा, तुझी साईट माका वळखतच नाय, परत परत पासवर्ड इचारता." बरोब्बर हाच आजार. साईट ओळखत नाही.

एक सांगून ठेवतो, फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थात इंग्रजीतच टाइप करायची.

हे होतं कशाने

हे दोन मिनिटं समजून घेतलं की पुढचा अर्धा दिवस वाचतो, म्हणून सांगतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीने बोलतात त्याला मुळात काही लक्षातच राहत नाही, प्रत्येक पान म्हणजे त्याच्यासाठी नवीन गिऱ्हाईक. गणपतीपुळ्याला देवळाबाहेर चपला ठेवल्या की तो पोरगा काय तुमचं तोंड लक्षात ठेवत नाही, बिल्ला देतो, तुम्ही बिल्ला दाखवला की चपला मिळतात. इथे बिल्ला म्हणजे ब्राउझरमधली कुकी, पीएचपीत तिचं नाव पीएचपीसेसआयडी, आणि चपला म्हणजे सर्व्हरवर पडलेली एक छोटी फाइल, जिच्या नावात तोच नंबर असतो. तुम्ही सेशन ॲरेमध्ये जे काही टाकता ते त्या फाइलीत जातं, ब्राउझरकडे फक्त नंबर. कुकी ही भानगड १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुलीने काढली आणि ती पण खरेदीचं कार्ट लक्षात राहावं म्हणूनच, म्हणजे आपण तीस वर्षांनी पण त्याच कार्टाशी झगडतोय.

तर बिघडायच्या जागा तीनच. बिल्ला हरवला किंवा बदलला. बिल्ला आहे पण रॅकवरच्या चपला गेल्या. किंवा बिल्ला पण आहे, चपला पण आहेत, फक्त तुम्ही दुसऱ्याच रॅकसमोर उभे आहात. लोक तासन् तास लॉगिनचं कोड वाचत बसतात कारण त्यांनी आधी हेच ठरवलेलं नसतं की यातलं नक्की कुठलं झालंय.

पहिलं काम: पाच मिनिटांची चाचणी

फुकट आहे आणि निम्म्या केसेस इथेच सुटतात. एक नवीन फाइल बनवा, त्यात सेशन_स्टार्ट(), मग सेशन_आयडी() छापा, मग सेशनमध्ये एक मोजणी ठेवून ती एकने वाढवून छापा. बस. सर्व्हरवर चढवा आणि पाच वेळा रिफ्रेश करा.

नंबर तोच आणि मोजणी १, २, ३, ४ वाढतेय? मग सर्व्हर ठणठणीत आहे, चूक तुमच्या साईटच्या कोडमध्ये आहे, होस्टिंगवाल्याला शिव्या देऊ नका. नंबर दर वेळी नवीन? बिल्ल्याचा प्रॉब्लेम, कुकी परत येत नाहीये. नंबर तोच पण मोजणी १ वरच अडकलीय? चपला गेल्या, म्हणजे फाइल लिहिलीच जात नाहीये किंवा कोणी पुसतंय.

एक फसवणूक आहे इथे. सर्व्हरवर सेशनचा स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर फाइल सापडली नाही की पीएचपी स्वतःच नवीन नंबर देतं, मग चपला गेल्या असल्या तरी वाटतं बिल्लाच बदलला. म्हणून एफ१२ दाबून कुकी पण डोळ्याने बघा, क्रोममध्ये ॲप्लिकेशन टॅबमध्ये, फायरफॉक्समध्ये स्टोरेजमध्ये, आणि नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्टसोबत ती खरंच जातेय का ते बघा. चाचणी झाली की ती फाइल सर्व्हरवरून काढा, मी एकदा वर्षभर विसरलो होतो.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सहित की शिवाय

ही सगळ्यात स्वस्त तपासणी, ॲड्रेस बारकडे नुसतं बघायचं. डोमेन न सांगता दिलेली कुकी फक्त त्याच नावाला परत जाते, म्हणजे गिऱ्हाईक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आलं, लॉगिन झालं, आणि तुमच्या मेनूतली "बुक करा" लिंक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय आहे, तर ब्राउझरच्या लेखी ही दोन वेगळी दुकानं. काकूंच्या केसमध्ये हेच होतं. व्हिजिटिंग कार्डावर एक, गूगलवर दुसरं, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होत होतं ते तिसरंच, एचटीटीपीवालं.

उपाय: एकच पत्ता पक्का करा, बाकीचे सगळे ३०१ ने (कायमच्या रीडायरेक्टने) तिकडे वळवा, .एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या सेटिंग फाइलीत चार ओळी. कुकीचं डोमेन वाढवून पण चालतं पण मला ते आवडत नाही, मग प्रत्येक सबडोमेनला ती कुकी जात राहते, जिचा तिथे काही संबंध नसतो.

कुकीवर सिक्युअर लावलेलं असेल तर ती साध्या एचटीटीपीवर जात नाही, ते पण याच गटातलं. मोबाईलवर टेस्ट करायला लोक लॅपटॉपचा १९२.१६८ वाला पत्ता उघडतात, तिथे सर्टिफिकेट नाही, मग कुकी बसत नाही आणि रात्रभर कोड शोधत बसतात.

सेशन_स्टार्ट() प्रत्येक पानावर, आणि सगळ्यात आधी

प्रत्येक पानावर म्हणजे प्रत्येक पानावर, एजॅक्सने (पान न बदलता मागच्या मागे) बोलावलेल्या त्या बारक्या फाइलीत पण. तिथेच हमखास राहतं. एक सामायिक फाइल ठेवा आणि सगळीकडे तीच पहिल्या ओळीला जोडा.

आणि सगळ्यात आधी, कारण कुकी हेडरमधून, म्हणजे पानाच्या आधी जाणाऱ्या माहितीतून, जाते आणि पानाचं एक अक्षर जरी बाहेर पडलं की हेडर गेले, मग "हेडर्स ऑलरेडी सेंट" आणि कारभार संपला. एक अक्षर म्हणजे एक स्पेस पण. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेच्या आधीची एक रिकामी ओळ. किंवा जोडलेल्या फाइलीच्या शेवटी ?> नंतर मारलेले दोन एंटर, म्हणून ज्या फाइलीत नुसतं पीएचपी आहे तिच्या शेवटी ती खूण लिहूच नका, तशी मुभा आहे आणि चांगली सवय पण.

आता "माझ्या लॅपटॉपवर चालतं" याचं खरं कारण. झॅम्पमध्ये (लॅपटॉपवर पीएचपी चालवायचं तयार पॅकेज) आउटपुट बफरिंग ४०९६ बाइट ठेवलेलं असतं, म्हणजे पहिले चार हजार बाइट पीएचपी लगेच बाहेर सोडत नाही, धरून ठेवतं, त्यामुळे आधीची स्पेस खपून जाते. होस्टिंगवर बफरिंग बंद असेल तर तीच स्पेस उघडी पडते. लाइव्ह साईटवर एरर दाखवणं बंद असतं (असायलाच हवं), म्हणून तुम्हाला काही दिसत नाही, नुसतं सेशन गायब. एरर लॉग उघडा. आणि ती स्पेस कुठल्या फाइलीतून आली हे कळत नसेल तर हेडर्स_सेंट() ला दोन व्हेरिएबल द्या, ते फाइलचं नाव आणि ओळ नंबर सांगतं. हे फंक्शन मला पहिली पाच वर्षं माहितीच नव्हतं, तेवढ्या काळात किती फाइली डोळे फोडून वाचल्या त्याचा हिशोब नाही.

याच्यातलाच एक खास आपला मराठी आजार आहे. देवनागरी मजकूर टाकायचा म्हणून माणूस फाइल नोटपॅडमध्ये उघडतो, "हापूस आंबा, थेट बागेतून" असं काहीतरी लिहितो, सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडतो, आणि जुना नोटपॅड फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटवतो, त्यांना बॉम म्हणतात. एडिटरमध्ये दिसत नाहीत, प्रिंटमध्ये दिसत नाहीत, पण पीएचपीच्या आधी बाहेर पडतात आणि हेडर गेले. देवगडच्या एका बागायतदार काकांच्या मुलाने नुसता पेटीचा भाव बदलला होता, भाव! आणि अख्ख्या साईटचं लॉगिन गेलं, तो बिचारा म्हणतोय मी कोडला हात पण लावला नाही आणि त्याचं खरंच होतं. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोडमध्ये फाइल उघडून "यूटीएफ-८, बॉमशिवाय" असं सेव्ह करा. इंग्रजी साईटवाल्यांना हे क्वचित होतं, आपल्याकडे मी दर वर्षी दोनतीन तरी काढतो.

कोडमधल्या बारीक चुका

पटापट सांगतो. सेशनमध्ये ज्या नावाने गोष्ट ठेवता त्या "की"चं स्पेलिंग, यूझर मोठ्या अक्षरात ठेवला आणि लहान अक्षरात वाचला तर मिळणार नाही. की म्हणून नुसता आकडा वापरला, समजा खोली नंबर १०१ हीच की, तर ते सेव्ह होतच नाही, पीएचपी नोटीस देऊन सोडून देतं, म्हणून "खोली_१०१" असं काहीतरी करा. फार जुनं कोड असेल आणि त्यात सेशन_रजिस्टर() दिसलं तर ते २०१२ च्या पीएचपी ५.४ पासूनच काढून टाकलंय, होस्टिंगने पीएचपी अपग्रेड केलं की अशी साईट त्याच दिवशी झोपते. सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवला असेल तर त्याचा क्लास सेशन_स्टार्ट() च्या आधी लोड व्हायला हवा, नाहीतर अर्धवट क्लास असं काहीतरी हातात येतं.

आणि रीडायरेक्ट. हेडर लोकेशन लिहिलं म्हणजे स्क्रिप्ट थांबत नाही, खालचं कोड चालूच राहतं. खाली कुठेतरी "लॉगिन नसेल तर सेशन साफ करा" असं असेल तर ते पण चालतं. लोकेशननंतर एक्झिट, नेहमी, विचार न करता.

दोन टॅब

ही खरं तर सेशनची चूक नाही पण तक्रार तशीच येते. सेशन ब्राउझरचं असतं, टॅबचं नसतं. तारकर्लीच्या एका होमस्टेला पुण्याची फॅमिली, एका टॅबमध्ये एसी खोली उघडली, दुसऱ्यात नॉन-एसी, तुलना करायला, कोण करत नाही? दोन्ही टॅब एकाच सेशनमध्ये "निवडलेली खोली" लिहितात, शेवटचा जिंकतो, आणि पैसे भरले एसी बघून पण बुकिंग झालं नॉन-एसीचं. मे महिन्यात. घामाघूम झालेल्या माणसाला सेशन समजावून बघा.

असा डेटा सेशनमध्ये ठेवूच नका. बुकिंग सुरू झालं की डेटाबेसमध्ये कच्ची नोंद करा, तिचा नंबर फॉर्ममध्ये लपवून किंवा यूआरएलमध्ये पुढे न्या, आणि दर वेळी ती नोंद याच माणसाची आहे का ते तपासा. सेशनमध्ये फक्त "हा कोण आहे" एवढंच. माझा तर नियमच झालाय हा, आणि तो पाळायला लागल्यापासून फोन निम्म्याने कमी झाले.

पेमेंट करून परत आलं की लॉगआउट

इथे जरा थांबतो कारण यात पैसे अडकतात.

पेमेंट गेटवे गिऱ्हाइकाला परत तुमच्या साईटवर पाठवतो तेव्हा बऱ्याचदा पोस्टने (फॉर्म सबमिट होतो तसं) पाठवतो, आणि दुसऱ्या साईटवरून पोस्टने आलेल्या रिक्वेस्टसोबत ब्राउझर सेमसाइट लॅक्स असलेली कुकी पाठवत नाही (सेमसाइट म्हणजे दुसऱ्या साईटवरून आलं तर कुकी पाठवायची की नाही ती सेटिंग). २०२० मध्ये क्रोम ८० पासून असं झालं की तुम्ही सेमसाइटबद्दल काही लिहिलंच नसेल तर ती लॅक्स धरायची. म्हणजे जुनं कोड, कोणी हात न लावता, बिघडलं. आणि पुढची गंमत बघा, कुकी आली नाही म्हणून परतीच्या पानावरचं सेशन_स्टार्ट() नवीन नंबर काढतं आणि ब्राउझरला देतं, तो जुन्या नंबरवर बसतो, म्हणजे माणूस नुसता त्या पानावर नाही तर अख्ख्या साईटवर अनोळखी होतो.

मग कधी कधी चालतं कसं? क्रोमने एक सवलत ठेवलीय, सेमसाइट न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील तर ती अशा पोस्टसोबत जाऊ देतात. मुंबईत फायबरवर बसलेला माणूस येतो, पटकन पेट्या निवडतो, दोन मिनिटांत पैसे भरतो, सगळं नीट. आमच्याकडे ओटीपी यायलाच तेवढा वेळ लागतो, फोन घेऊन अंगणात जावं लागतं, तोपर्यंत सवलत संपली. मी कितीतरी दिवस समजत होतो की हा नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. नेटवर्कचा होता पण आणि नव्हता पण.

सोपा उपाय म्हणून लोक कुकीला सेमसाइट नन करतात, सोबत सिक्युअर लागतंच, आणि चालतं ते. पण मग दुसऱ्या साईटवरून येणाऱ्या खोट्या फॉर्मना पण दार उघडं. मी असं करतो: परतीच्या पानावर सेशन सुरूच करायचं नाही. गेटवेने पाठवलेली सही तपासायची, ऑर्डर नंबरवरून डेटाबेसमध्ये पैसे मिळाल्याची नोंद करायची, आणि साध्या गेट (लिंक उघडतो तशा) रीडायरेक्टने "धन्यवाद" पानावर पाठवायचं, तिथे लॅक्स कुकी नीट येते. शिवाय गेटवे सर्व्हरला परस्पर कळवतो तो वेबहुक पण लावून घ्या, कारण इन्स्टाग्रामच्या आत उघडलेली साईट पैसे भरून क्रोममध्ये परत आली तर तिथे तुमची कुकी असायचा प्रश्नच नाही, दोघांचे डबे वेगळे.

ठरावीक वेळाने बाहेर काढतं

घड्याळ लावून बघा. पीएचपीत सेशन कचरा समजायची मुदत मुळात १४४० सेकंद असते, म्हणजे २४ मिनिटं. पण २४ मिनिटं झाली की लगेच पुसलं जातं असं नाही, झाडूवाला अधूनमधून येतो, शंभरातल्या एका किंवा हजारातल्या एका रिक्वेस्टला, म्हणून कधी ४० मिनिटं टिकतं आणि कधी २५. "कधी होतं कधी नाही" याचं हे दुसरं मोठं कारण.

तुम्ही म्हणाल मी तर मुदत वाढवून तीन तास केली तरी होतंय. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर सगळ्यांच्या सेशन फाइली एकाच फोल्डरमध्ये असू शकतात, आणि शेजारच्या साईटची मुदत २४ मिनिटं असेल तर तिचा झाडूवाला तुमच्या पण फाइली झाडून नेतो, त्याला कुणाच्या कुठल्या ते कळत नाही. सगळ्यात कमी मुदतवाला जिंकतो. म्हणून सेव्ह पाथ (सेशन फाइली पडतात ती जागा) बदलून स्वतःचं फोल्डर करा, पब्लिक फोल्डरच्या बाहेर, परवानगी ७००, म्हणजे फक्त मालकाला.

पण, आणि हा माझा स्वतःचा गाढवपणा, डेबियन-उबुंटूवर पीएचपीचा झाडूवाला मुळात बंद असतो, वेगळं क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) येऊन फक्त ठरलेलं फोल्डर साफ करतं. मी एका साईटचं फोल्डर बदललं, साफसफाई चालू करायला विसरलो, साधारण वर्षभर लाखो बारक्या फाइली साचल्या आणि एक दिवस आयनोडचा, म्हणजे फाइलींच्या संख्येचा, कोटा संपला. डिस्कवर जागा दिसतेय, नवीन फाइल मात्र होत नाही. नेमका गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, चाकरमान्यांची बुकिंग चालू असताना. फोल्डर बदललं तर जीसी प्रॉबेबिलिटी (झाडूवाल्याची सेटिंग) १ करा, लगेच, त्याच मिनिटाला.

कुकीची मुदत वेगळी असते बरं का. ती ० असेल तर ब्राउझर बंद होईपर्यंत. कोणी ती १८०० केली असेल तर माणूस काम करत असला तरी लॉगिनपासून बरोब्बर अर्ध्या तासाने बाहेर, कारण पीएचपी दर पानाला कुकी नव्याने देत नाही, एकदाच देतं. पतसंस्थेतल्या कॅशियर ताईंनी मला वेळा कागदावर लिहून दिल्या होत्या, सगळ्या लॉगिननंतर तीस मिनिटांच्या, तिथेच उत्तर होतं.

पावसातला आजार

जूनपासून नेट कसं असतं ते सांगायला नको, झाड पडलं, लाइट गेली, टॉवरची बॅटरी संपली. आणि त्याच महिन्यांत "मध्येच लॉगआउट होतं" वाढतं. सेशन_रीजनरेट_आयडी(ट्रू) शोधा कोडमध्ये. ते सुरक्षेसाठी नंबर बदलतं, लॉगिनच्या वेळी एकदा करायलाच हवं, पण काही जण ते प्रत्येक पानावर टाकून ठेवतात. ट्रू दिलं की जुनी फाइल ताबडतोब पुसली जाते. आता सर्व्हरने नवीन बिल्ला दिला, पण तो पोचायच्या आधी रेंज गेली, गिऱ्हाईकाच्या हातात जुनाच बिल्ला आणि त्याच्या चपला तर तुम्ही आत्ताच फेकल्यात. पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये पण मोबाईल आणि वायफायवर असं होतं म्हणून इशारा दिलाय. फक्त लॉगिनला आणि अधिकार बदलताना वापरा, आणि जुनी फाइल लगेच न पुसता तिच्यावर वेळेची खूण करून चारपाच मिनिटं जगू द्या.

पान फिरत राहतं

सेशन फाइलीला कुलूप लागतं, एका वेळी एकच रिक्वेस्ट. पावतीची पीडीएफ बनायला वीस सेकंद लागत असतील तर त्याच माणसाचं दुसरं पान वीस सेकंद दारात उभं. सेशनमधून हवं ते वाचून झालं की सेशन_राइट_क्लोज() करा आणि मग जड काम करा. एवढंच.

साधं पीएचपी नसेल, एखादं फ्रेमवर्क किंवा दुसरी भाषा असेल, तरी तर्क तोच. लाराव्हेलची मुदत मुळात १२० मिनिटं, जँगोची दोन आठवडे. नोडच्या एक्सप्रेसमध्ये सेशन मेमरीत ठेवलं असेल तर प्रोसेस रीस्टार्ट झाली की सगळे बाहेर. फ्लास्क सगळं कुकीतच ठेवतं, साधारण ४ केबीच्या पुढे गेलं की ब्राउझर ती घेतच नाही.

इथे हात थांबवा आणि माणूस बोलवा

शेअर्ड होस्टिंगवर फोल्डरची परवानगी, डिस्क किंवा आयनोड कोटा तुमच्या हातात नसेल तर सपोर्टला लिहा. "साईट चालत नाही" असं लिहू नका, त्याला ठरलेलं उत्तर येतं, कॅश क्लिअर करा. लिहा की सेशन आयडी तोच राहतो, मोजणी वाढत नाही, सेव्ह पाथ अमुक आहे, एरर लॉगमधली ही ओळ, ही वेळ. फोल्डरला ७७७ करून मोकळे होऊ नका, शेअर्ड मशीनवर दुसऱ्याला तुमची सेशन वाचता येतील.

लोड बॅलन्सरमागे (येणाऱ्या रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन किंवा जास्त सर्व्हर असतील आणि चाचणीत मोजणी १, १, २, २, ३ अशी उड्या मारत असेल तर ते दुसऱ्या रॅकवालं प्रकरण आहे. रेडिस (मेमरीतला वेगवान साठा) किंवा डेटाबेसमध्ये सामायिक सेशन ठेवावं लागतं. ज्याने ते आधी केलंय त्यालाच करू द्या, आणि सीझनमध्ये तर नकोच.

पैसे कट झालेत आणि ऑर्डर नाही अशा दोनपेक्षा जास्त केसेस आल्या तर कोड दुरुस्त करण्याआधी पेमेंटचं बटण बंद करा, गेटवेच्या डॅशबोर्डवरून यादी काढा, लोकांना फोन करा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी झाली तरी चालेल.

आणि ते पहिल्या यादीतलं शेवटचं, एकाला दुसऱ्याचं बुकिंग दिसतंय. हे बहुतेक वेळा कॅशिंगमुळे होतं, प्लगइन किंवा सीडीएन (पानांच्या प्रती जागोजागी ठेवून देणारं नेटवर्क) एका लॉगिन झालेल्या माणसाचं पान साठवतं आणि पुढच्याला तेच देतं, कधी कधी त्याच्यासकट कुकी पण, म्हणजे दोघांच्या हातात एकच बिल्ला. होमस्टेच्या साईटवर लोक आधारची कॉपी चढवतात, त्यामुळे हा नुसता बग राहत नाही. साईट देखभालीच्या पानावर टाका. लॉग पुसू नका, त्यांची एक प्रत बाजूला काढा. कॅश रिकामी करा, सगळ्या सेशन फाइली उडवा म्हणजे सगळेच लॉगआउट होतील, आणि सिक्युरिटी कळणाऱ्या माणसाला फोन करा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी करा, आणि त्याने लॉग बघून हो म्हटल्याशिवाय साईट परत चालू करू नका.